लूट कोणाची, मान कोणाचा? स्वारगेटच्या वाटेवरचा एक जुना हिशेब

(दीर्घ धागा)

१/ पुण्यातील स्वारगेटच्या मुख्य चौकाला केशवराव जेधे यांचे नाव आहे. बहुजन चळवळीचे आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचे नेते म्हणून त्यांची ओळख सर्वांना आहे. ‘जेधे’ हे आडनाव मात्र इतिहासाच्या वाचकाला तीन शतके मागे, कारीच्या कान्होजी जेध्यांपर्यंत घेऊन जाते. ‘स्वारगेट’ या नावाची फोडही येथे असलेल्या घोडेस्वारांच्या चौकीवरून सांगितली जाते. स्वार, त्याची कमाई आणि त्याचा मान यांचा हिशेब मांडायला याहून योग्य जागा सापडणे कठीण.

२/ प्रश्न साधा दिसतो. दहा जण मिळून मोहिमेवर जातात, जीव धोक्यात घालतात आणि धन घेऊन परततात. ते धन कोणाचे? समान वाटायचे, की हुद्द्याप्रमाणे? जो मागे राहून घोडी राखत होता त्याला किती? जो पडला त्याच्या घरी काय पोचते? आणि ज्याने खरा पराक्रम केला, त्याची बढती त्याने आणलेल्या धनावरून ठरवायची की आणखी कशावरून?

३/ हेच प्रश्न आज एका खेळाच्या मेजाभोवती रोज विचारले जातात. १९७४ मध्ये अमेरिकेतील गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक वीराची भूमिका घेतो, टोळीबरोबर भुयारात उतरतो, राक्षसांशी लढतो आणि खजिना आणतो. या कामगिरीबद्दल वीराला ‘अनुभवगुण’ मिळतात. ते पुरेसे साठले की तो वरच्या पायरीवर चढतो.

४/ त्या मूळ खेळातील एक नियम पुढे फार गाजला. वीराने सुखरूप परत आणलेल्या प्रत्येक सुवर्णमुद्रेमागे सर्वसाधारणपणे एक अनुभवगुण मिळे. शत्रू मारल्याचे गुणही असत. पण मोठी कमाई सोन्यातूनच होई. म्हणजे धन आणि पराक्रम एकाच तराजूत मोजले जात. परिणाम असा, की शहाणे खेळाडू लढाई टाळून खजिना पळवू लागले. ज्याचे गुण मिळतात तेच माणसे करतात, हा धडा खेळाने फार लवकर दिला.

५/ मराठ्यांच्या इतिहासात हाच प्रश्न खऱ्या सोन्याने आणि खऱ्या रक्ताने तीन वेळा, तीन निरनिराळ्या रीतींनी सोडवला गेला. स्वारगेटहून दक्षिणेला निघणारा सातारा रस्ता या हिशेबातील तीन मुक्कामांकडे जातो : जेध्यांचे कारी, पंतसचिवांचे भोर आणि छत्रपती शाहूंचे सातारा. पहिली रीत शिवकालाची, दुसरी जिंजी ते साताऱ्याची, आणि तिसरी इंग्रजांनी पुणे घेतल्यानंतरची.

६/ पहिली रीत. कृष्णाजी अनंत सभासद याने सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या लष्कराचे नियम दिले आहेत. पावसाळ्यात लष्कर छावणीत असे. तेथे घोड्यांना दाणागोटा, औषधे आणि माणसांना धान्य यांची तजवीज आधीच केलेली असे. दसरा झाला की लष्कर मुलूखगिरीला निघे. आठ महिने परमुलखात राहून तेथील खंडणीवर पोट भरायचे, अशी ही व्यवस्था होती.

७/ निघण्यापूर्वी एक महत्त्वाचे काम होई. लहानथोर प्रत्येक माणसाजवळ काय चीजवस्तू आहे, याचा जाबता, म्हणजे यादी, तयार केली जाई. अंगावरचे दागिने, कपडे, भांडीकुंडी सारे लिहिले जाई. दसऱ्याला आपट्याची पाने ‘सोने’ म्हणून लुटणारा स्वार खऱ्या सोन्याच्या वाटेला लागत असे, तेव्हा त्याच्याजवळ आधीच किती सोने आहे हे दफ्तरात नोंदलेले असे.

८/ वैशाखात लष्कर परतले की सरहद्दीवरच झाडा घेतला जाई. जुना जाबता काढून प्रत्येकाजवळची वस्तू ताडून पाहायची. जास्त निघेल त्याची किंमत करून ती त्या माणसाच्या वेतनात धरायची. वस्तू मोलाची असेल तर ती सरकारजमा करायची. कोणी चोरून ठेवले आणि ते उघडकीस आले, तर शिक्षा. सरदारांनी सोने, रुपे, जडजवाहीर घेऊन महाराजांच्या भेटीस यायचे आणि मोहिमेचा हिशेब द्यायचा.

९/ या नियमाचा अर्थ असा, की लूट सैनिकाची नव्हतीच. ती राज्याची होती. सैनिकाला मिळे ते ठरलेले वेतन. लुटीला मर्यादाही होत्या. लष्करात स्त्री, बटीक किंवा कलावंतीण नेण्यास बंदी होती, आणि ती मोडणाऱ्यास देहदंड सांगितला आहे. परमुलखातील बायकामुले धरू नयेत, गाय धरू नये, बैल ओझ्यापुरते घ्यावेत, असेही नियम होते. काय आणले नाही, यावरही माणसाची परीक्षा होत होती.

१०/ मग पराक्रमाचे काय? त्याचा हिशेब वेगळ्या वहीत होता. घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजारींवर एक पंचहजारी आणि सर्वांवर सरनोबत. सभासदाने वेतनेही दिली आहेत : जुमलेदाराला ५०० होन, हजारीला १००० होन, पंचहजारीला २००० होन. पायदळाची उतरंड अशीच, पण वेतन कमी. खेळातील पायऱ्यांची आठवण व्हावी इतकी ही रचना रेखीव आहे.

११/ या पायऱ्या चढण्याचा मार्ग लुटीच्या वजनातून जात नव्हता. मोहीम संपली की ज्यांनी विशेष काम केले त्यांना बक्षीस किंवा बढती मिळे. ज्यांनी कुचराई केली किंवा बेइमानी केली, त्यांची चौकशी अनेकांच्या मताने होऊन त्यांना दूर केले जाई. ‘बहुतांच्या मते’ ही अट लक्षात घेण्यासारखी आहे. पराक्रम कोणी केला हे एकट्या सरदाराच्या लहरीवर सोडलेले नव्हते. बरोबर असलेल्यांची साक्ष त्यात धरली जाई.

१२/ बारगीर आणि शिलेदार यांतील फरकही याच हिशेबाचा भाग होता. बारगिराचा घोडा सरकारचा. शिलेदाराचा घोडा आणि हत्यारे स्वतःची. घोडा मेला तर शिलेदाराचे भांडवलच बुडे, म्हणून तो लुटीत आपला खर्च वसूल करू पाहणार, हे उघड होते. सरकारी पागेला म्हणूनच अधिक बळ दिले गेले आणि शिलेदारांना पागेच्या तंत्राने वागावे लागले. ज्याचा घोडा राज्याचा, त्याची लूटही राज्याकडे येण्याची शक्यता अधिक.

१३/ ही रीत प्रत्यक्षात कशी चाले, याचे ठळक उदाहरण म्हणजे १६५९ चा अफझलखानाचा प्रसंग. प्रतापगडाखाली खानाची फौज मोडल्यावर जे हाती आले त्याची यादी सभासद देतो : ६५ हत्ती, ४००० घोडे, १२०० उंट, शिवाय नगद, जवाहीर आणि कापड. हे सारे सरकारजमा झाले. त्यानंतरची वाटणी मात्र फार बारकाईने झाली.

१४/ लढाईत पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत घेतले गेले. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मे वेतन बांधून दिले. जखमींना जखम पाहून २००, १००, ५०, २५ होन मिळाले. नामांकितांना हत्ती, घोडे, सोन्याची कडी, कंठे, तुरे आणि पदके दिली गेली. कोणी किती उंट पकडून आणले, असा प्रश्न या वाटणीत कोठेच नाही. प्रश्न एकच : कोणाचे किती गेले, आणि कोणी काय केले?

१५/ याच मोहिमेत कान्होजी जेधे महाराजांच्या बाजूने उभे राहिले. विजापूरचे फर्मान आले असताना वतनावर पाणी सोडण्याची त्यांची तयारी होती. त्याबद्दल दरबारात तलवारीच्या पहिल्या पानाचा मान जेध्यांना मिळाला. हा मान म्हणजे धन नव्हे. सभेत सर्वांआधी ज्याला पान मिळते तो पहिला, एवढेच. पण मावळच्या देशमुखांना त्याचे मोल जहागिरीइतके वाटे, कारण तो सर्वांसमक्ष मोजलेला पराक्रम होता.

१६/ पुढच्याच वर्षी, जुलै १६६० मध्ये, पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि हिरडस मावळातील बांदलांचे लोक यांनी खिंड अडवून धरली. बाजीप्रभू पडले, बांदलांची माणसे मोठ्या संख्येने कामी आली. तेव्हा पहिल्या पानाचा मान बांदलांना देण्याचा विचार झाला. तो मान ज्यांच्याकडे होता त्या जेध्यांनी तो आनंदाने सोडला, अशी हकिकत जेधे घराण्याच्या परंपरेत जपलेली आहे.

१७/ वाटपाच्या साऱ्या इतिहासात हा प्रसंग वेगळा उठून दिसतो. सोने वाटले की ज्याच्या हातातून गेले त्याचे कमी होते. मान सोडणाऱ्याचा मान मात्र कमी झाला नाही; बांदलांबरोबर जेध्यांचेही नाव राहिले. धन आणि मान यांची खाती वेगळी ठेवल्यामुळेच हे शक्य झाले. दोन्ही एकाच खात्यात असती, तर कान्होजींना घरचे उत्पन्न सोडावे लागले असते, आणि तशी उदारता क्वचितच घडते.

१८/ या रीतीला कठोर बाजूही होती. १६७३ मध्ये उमराणीजवळ सरनोबत प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाला कोंडले, पण शरण आलेल्या खानाला जाऊ दिले. लढाई जिंकली, तरीही महाराजांनी ही कामगिरी पुरी मानली नाही, कारण खान पुन्हा चालून येणार होता आणि तो आलाही. फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत प्रतापराव मोजक्या स्वारांसह त्याच्यावर तुटून पडले आणि मारले गेले. शत्रूला पळवून लावले तर पूर्ण गुण द्यावेत का, हा खेळाडूंचा वाद येथे एका सेनापतीच्या जिवाशी येऊन ठेपलेला दिसतो.

१९/ दुसरी रीत संकटातून जन्मली. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला आणि राजाराम महाराज जिंजीला गेले. खजिना नव्हता, वेतन कोठून देणार? दुसरीकडे औरंगजेब मराठा सरदारांना वतने आणि मनसबी देऊन ओढत होता. तेव्हा राजारामांनी शिवकालातील धोरण बदलून नवा करार मांडला : मुलूख जिंका, त्यातील वाटा तुमचा.

२०/ १६९१ मध्ये हणमंतराव घोरपड्यांना दिलेले आश्वासन या कराराचा नमुना आहे. एकूण सहा लाख होनांची ही जोखीम टप्प्याटप्प्याने बांधलेली होती : रायगड प्रांत, विजापूर, भागानगर, औरंगाबाद, आणि शेवटचा हप्ता दिल्ली घेतल्यावर. ज्या राज्याकडे स्वतःची राजधानी उरली नव्हती, ते दिल्लीच्या हिशेबाने बक्षिसे लिहीत होते. हाती काही नसताना केवळ पुढच्या टप्प्याच्या आशेवर फौजा उभ्या राहिल्या, आणि औरंगजेबाला दक्षिणेतच जन्म संपवावा लागला.

२१/ या रीतीचे यश नाकारता येत नाही. पण तिने दोन खाती एक केली. आता सरदाराची पायरी त्याने घेतलेल्या मुलखावरून ठरू लागली. घेतलेले त्याच्याकडेच राहू लागले आणि त्याच्या मुलाकडेही जाऊ लागले. वतनदार म्हणजे राज्याचे छोटे छोटे वाटेकरीच, अशी चिंता रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त याच काळात उमटलेली दिसते. झाडा घेणारी सरहद्दच आता सरदारांच्या हातात गेली होती.

२२/ १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथाने दिल्लीहून दक्षिणेच्या सहा सुभ्यांच्या चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, सरदेशमुखी म्हणजे दहावा. सरदेशमुखी छत्रपतींची. चौथाईची वाटणी मात्र पाहण्यासारखी आहे. चौथाईचे १०० रुपये आले, तर २५ रुपये राजबाबती म्हणून छत्रपतींचे, ६ रुपये साहोत्रा म्हणून पंतसचिवांचे, ३ रुपये नाडगौडा म्हणून छत्रपती ज्याला देतील त्याचे, आणि उरलेले ६६ रुपये मोकासा म्हणून सरदारांचे, फौजेच्या खर्चासाठी.

२३/ सातारा रस्त्यावरचे भोर पुढे पंतसचिवांच्या संस्थानाची राजधानी झाले. त्या घराण्याच्या उत्पन्नात हा सहा टक्क्यांचा साहोत्रा मोडत असे. सरदारांचे हक्क मुद्दाम एकमेकांच्या प्रांतांत गुंतवलेले होते. एकाच परगण्यात एकाचा मोकासा, दुसऱ्याची बाबती, तिसऱ्याचा साहोत्रा. हेतू असा, की कोणी एकटा फुटू नये. हिशेब इतका बिकट झाला, की तलवारीइतकेच महत्त्व फडणिसीच्या लेखणीला आले.

२४/ शंभरातील ६६ ज्याच्याकडे, सत्ताही हळूहळू त्याच्याकडे. शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांची बळे या मोकाशातून वाढली आणि मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत गेले. पण वाटणीचे वाद आता रणांगणावर सुटू लागले. गुजरातच्या उत्पन्नाचा वाद पेटून १ एप्रिल १७३१ रोजी डभईला पेशवा बाजीराव आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे समोरासमोर आले. दाभाडे पडले. एकाच छत्रपतींचे पेशवा आणि सेनापती हिश्श्यासाठी लढले होते.

२५/ उतरंडीच्या तळाला पेंढारी होते. त्यांना वेतन नव्हते. लूट हेच उत्पन्न, आणि त्यातून सरकारला पालपट्टी नावाचा कर. शिवकालात लुटीवर झाडा होता. आता लुटीवर पट्टी होती. फरक शब्दाचा दिसतो, पण झाड्याचा हेतू लूट आवरण्याचा, तर पट्टीचा फायदा ती वाढण्यात. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, दिवाळीत, स्वारगेटच्या पूर्वेला हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी शिंदे आणि पेशवे यांच्या फौजांचा पराभव केला. मराठ्यांच्या राजधानीकडून मराठा सरदाराने पैसा उकळला.

२६/ तिसरी रीत इंग्रजांची. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकी आणि येरवड्याच्या लढायांनंतर पुणे त्यांच्या हाती गेले. खडकीची लढाई दुसरा बाजीराव पर्वतीवरून पाहत होता, असे सांगतात. ती टेकडी स्वारगेटहून सहज दिसते. इंग्रजांची वाटणी हुद्द्याप्रमाणे बांधलेली होती. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणच्या लुटीत सेनापती हॅरिसने एक-अष्टमांश घेतला होता. खाली उतरत शिपायाच्या वाट्याला अगदी थोडे येई. पराक्रमाचा प्रश्नच येथे नव्हता. पायरी आधी, वाटा नंतर.

२७/ पुणे, नागपूर, महिदपूर येथील एकत्रित लुटीला ‘दख्खनची लूट’ हे नाव पडले, आणि तिच्यावर मोठा खटला उभा राहिला. दख्खन फौजेचा सेनापती सर टॉमस हिस्लॉप म्हणे, ज्यांनी प्रत्यक्ष लढून घेतले त्यांचे. गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज म्हणे, उत्तरेत उभ्या असलेल्या आपल्या मोठ्या फौजेच्या दबावामुळेच शत्रू हरला, म्हणून तिलाही वाटा हवा. जो खेळाडू त्या दिवशी आलाच नाही त्याला खजिन्यात हिस्सा द्यायचा का, हा मेजावरचा नेहमीचा वाद येथे दोन फौजांमध्ये झाला.

२८/ वाद लंडनच्या ट्रेझरीपर्यंत गेला. विश्वस्त म्हणून ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि चार्ल्स आर्बथनॉट यांची नेमणूक झाली. १८३१ मध्येही या लुटीवरून वेलिंग्टनवर इंग्लंडच्या न्यायालयात दावा चालू होता. लढाई जिंकायला काही महिने लागले होते. वाटणीला बारा वर्षेही पुरली नाहीत. तोवर वाटा मिळायचे किती शिपाई वारले असतील, याचा विचार वाचकाने करावा.

२९/ या लुटीत बाजीरावाजवळचा नाशिकचा प्रसिद्ध हिराही होता. सुमारे ९० कॅरेटचा हा हिरा लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांकडे गेला आणि १८३७ मध्ये लिलावात मार्क्विस ऑफ वेस्टमिन्स्टरने घेतला. पुन्हा पुन्हा पैलू पाडले जाऊन तो आता ४३ कॅरेटच्या आसपास उरला आहे. हिरा वाटता येत नाही. म्हणून तो विकून पैसा करावा लागतो. प्रत्येक टोळीला कधी ना कधी ही अडचण येतेच.

३०/ हरलेल्यांच्या बाजूने पाहावे, तर नारो गोविंद यांचे प्रकरण बोलके आहे. पेशव्यांच्या वतीने रायगडावरील खजिना त्यांच्या ताब्यात होता. १८१८ मध्ये किल्ला पडल्यावर ते पुण्यात आले, तेव्हा एल्फिन्स्टनच्या अधिकाराखाली कॅप्टन रॉबर्टसनने त्यांच्याजवळचे धन जप्त केले. ते खाजगी होते की पेशव्यांचे? त्यांच्या मागे दावा झाला. मुंबईच्या न्यायालयाने एल्फिन्स्टनविरुद्ध निकाल दिला. १८३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. युद्ध पुरते शमलेले नव्हते, म्हणून ही जप्ती युद्धातील कृती, आणि तिच्यात न्यायालयाने पडायचे नाही.

३१/ म्हणजे विजेत्यांच्या आपसातील वाटणीला ट्रेझरी होती, विश्वस्त होते, वर्षानुवर्षे सुनावणी होती. ज्याच्या घरून धन गेले त्याच्यासाठी मात्र शेवटी दार बंद झाले. पुढे १८५८ मध्ये चित्रकूटजवळच्या कर्वी येथे अमृतराव पेशव्यांच्या वंशजांचा वाडा लुटला गेला, तेव्हाही इंग्रजी तुकड्यांमधील वाटणीचा खटला १८६६ पर्यंत चालला. त्यात ‘दख्खनची लूट’ हाच दाखला पुन्हा पुन्हा तपासला गेला.

३२/ तिन्ही रीती शेजारी ठेवल्या की सूत्र स्पष्ट होते. शिवकालात धनाचे खाते राज्याकडे आणि पराक्रमाचे खाते माणसाच्या नावे. म्हणून लष्कर शिस्तीत राहिले आणि मान दुसऱ्याला देता आला. जिंजीनंतर दोन्ही खाती एक झाली. राज्य वाचले, विस्तारले आणि वाटेकऱ्यांत विभागलेही गेले. इंग्रजांकडे वाटा पराक्रमाने ठरतच नव्हता, हुद्द्याने ठरे. म्हणून वाद शौर्याचा न राहता हक्काचा झाला आणि वकिलांच्या हाती गेला.

३३/ खेळ रचणाऱ्यांनाही हेच उमगत गेलेले दिसते. १९८९ मध्ये त्याच खेळाची दुसरी आवृत्ती आली, तेव्हा सोन्यामागे गुण देण्याचा मूळ नियम मुख्य नियमांतून काढून ऐच्छिक करण्यात आला. आज अनेक मेजांवर कथेतील टप्पा गाठला की साऱ्या टोळीला एकदम वरची पायरी देतात. हणमंतराव घोरपड्यांचे रायगड ते दिल्ली हे हप्ते आठवले, तर ही कल्पना मराठी वाचकाला नवी वाटू नये. खजिना कसा वाटावा हे तरीही खेळाडूंना आपसांत ठरवावेच लागते.

३४/ शिवकालीन नियमांतील सर्वांत मोलाची गोष्ट कदाचित सर्वांत कोरडी आहे : निघण्यापूर्वी केलेली यादी. मोहिमेच्या आधी कोणाजवळ काय होते हे लिहिलेले असेल, तरच नंतर कोणी काय मिळवले आणि कोणी काय गमावले हे कळते. आणि गमावणाऱ्याचा हिशेब प्रथम करायचा, हे प्रतापगडाखालच्या त्या वाटणीने दाखवले. पडलेल्याच्या घरी निम्मे वेतन पोचल्यानंतर कडी, कंठे आणि तुरे वाटणाऱ्या राज्यासाठी माणसे दुसऱ्यांदा खिंडीत उभी राहतात.